आरशातला वर्ग

आमची वहिनी लग्न होऊन घरात आली, तेव्हाच मी ओळखलं की ही बाई अर्धी स्वयंपाकघरात आणि अर्धी कुठल्यातरी मैदानावर राहते. दूध उतू जायचं आणि ही खिडकीशी टाचा उचलून उभी.

"वन्सं, लहान मूल पळायला लागतं ना, तेव्हा आधी त्याचे हात पळतात. तुम्ही कधी नीट पाहिलंय?"

"मी दूध पळताना पाहतेय," मी म्हणायचे. नणंदेनं एवढं बोलायलाच हवं.

तिला राग यायचा नाही. तिच्या नजरेत सदैव सकाळचं रिकामं मैदान असायचं, थोडं ओलं, थोडं धुक्यातलं. लहानपणी तिला पी.टी. शिकवायला कुणी नव्हतंच. म्हणून ती स्वप्नातल्या मैदानावर स्वतःच बाई झाली होती.

पुढे जवळच्या मुलींच्या शाळेत तिला हंगामी काम मिळालं, कवायतीचं नाही, नुसते खेळ घ्यायचं. मुली तिच्यामागे वेड्यासारख्या फिरायच्या. मग एक दिवस मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "नव्या सत्रापर्यंत शारीरिक शिक्षणाची परीक्षा पास व्हा. नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. मुलींना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा." पगारापेक्षा ते शेवटचं वाक्य वहिनीच्या जिवाला लागलं.

तिने त्या परीक्षेच्या वर्गाला नाव घातलं. तिथली पोरं तिला काकू म्हणायची. भाजी चिरताना ती हाडांची नावं पुटपुटायची, आणि कणीक मळताना खांद्याचा कुठला स्नायू कामाला लागतो ते मला ऐकावं लागायचं. लेखी परीक्षा ती झोकात पास झाली. उरला तो शेवटचा पाठ. परीक्षकांसमोर, मैदानावर, खऱ्या मुलांना घेऊन.

सरावाला जागा कुठली? माझ्या दादाचं सलून होतं. दादा म्हणजे अबोल माणूस. गिऱ्हाइकं जगाच्या गप्पा मारतात, हा कात्रीने हुंकार देतो. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तो शटर अर्धं वर करायचा, खुर्च्या भिंतीला लावायचा आणि वहिनी आरशासमोर उभी राहायची. तिच्यामागे दादा. तो तिचा वर्ग.

त्या सलूनला समोरासमोर दोन आरसे आहेत. एकात पाहिलं की दुसरा दिसतो, त्यात पुन्हा पहिला, आणि असं करत आत आत पार हिरवट अंधारापर्यंत. वहिनीने "उजवा हात वर" म्हटलं की रांगाच्या रांगा हात वर करायच्या. अर्ध्या शटरमधून ऊन लादीवर यायचं, पावडरचा वास दरवळत असायचा, आणि सगळ्या रांगांतून आमचा दादा गंभीर चेहऱ्याने कंबर वाकवायचा. मी एरवी हसले असते. पण दारातल्या बाकावर बसून मलाही वाटायचं, तिकडे आत कुठेतरी एक शाळा आहे, तिथे कधी घंटा होत नाही, आणि आमची वहिनी तिथली बाई आहे.

पाठाच्या दिवशी मी आणि दादा कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे होतो. मुलांच्या पाठी आमच्याकडे, वहिनीचं तोंड आमच्याकडे. परीक्षक झाडाखाली खुर्चीत बसलेले.

"उजवा हात वर," वहिनी म्हणाली आणि तिने उजवा हात वर केला.

अर्ध्या मुलांनी तिचं ऐकलं, अर्ध्यांनी तिचा हात पाहिला. "उजवीकडे एक पाऊल" म्हटल्यावर तर दोन पोरं एकमेकांवर आपटली आणि सगळा वर्ग खिदळायला लागला.

कुठे माशी शिंकली ते तिला कळलं. आम्हालाही कळलं. समोरच्या मुलांना शिकवताना बाईंनी त्यांचा आरसा व्हायचं असतं. तोंडाने उजवा म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा. हे तिला पाठ होतं. पण सलूनमध्ये आरसा आधीच होता! तिथे तिने उजवा उचलला की समोर सगळं बिनचूक दिसायचं. इतके महिने तिने चुकीचा हात पक्का केला होता.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा उजवाच हात निघाला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तिच्याऐवजी मलाच रडू आलं. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

दादाने चप्पल काढली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तो ताठ उभा राहिला.

"अरे, लोक बघतायत," मी म्हणाले.

"बघू देत," तो म्हणाला.

"उजवा हात वर," वहिनीचा आवाज आला. दादाने उजवा हात उचलला. तो तिला तिच्या डाव्या बाजूला दिसला, आणि आरशात बघून उचलावा तसा तिने आपला डावा हात वर केला. मुलांचे सगळे हात एका बाजूला गेले.

मग ती थांबलीच नाही. बाजूला पाऊल, कंबर, गुडघे, हात. तिची नजर मुलांवरून तरंगत कुंपणाबाहेर यायची आणि परत जायची. सायकलवाले थांबले. एकाने "काय झालं हो यांना?" असं विचारलं, त्याला मी गप्प बसवलं. मैदान इतकं शांत आणि सुरेख हलत होतं की मला त्या हिरवट आरशातली शाळा बाहेर आल्यासारखी वाटली.

शेवटचा व्यायाम, दोन्ही हात वर. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं पळाली. परीक्षक उठून वहिनीकडे आले.

"सुरुवातीला चुकलात. गुण कापलेत."

"हो."

"ते बाहेरचे गृहस्थ कोण?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. "माझा वर्ग आहे तो," ती म्हणाली. "सरावाला इतके दिवस तेवढाच होता."

परीक्षकांनी चष्म्यावरून दादाकडे बराच वेळ पाहिलं. "मुलांना घेऊन जाल तुम्ही पुढे. पास आहात," ते म्हणाले. "पण यांचे गुडघे नीट वाकत नाहीत, त्याकडे बघा."

वहिनी कुंपणापाशी आली. दादा अजून दोन्ही हात वर करून उभा होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"विश्राम," ती हळूच म्हणाली, आणि दादाने हात खाली केले.