पडद्यावरचं चांगलं पाणी

रोज तलावाचं पाणी तपासायचं आणि त्यातल्या घाणीचा आकडा संगणकात भरायचा, हे तपासनीसबाईंचं काम. लोकांचं आरोग्य आपल्या हातात आहे, म्हणून देवाचं नाव घेऊनच त्या खुर्चीत बसत. पण ठरावीक मर्यादेपलीकडचा आकडा टाकला की संगणक 'नोंद चुकीची' म्हणून परत करी. मग बाईंसकट सगळेच तपासनीस तो घेईल तेवढा मोठ्यात मोठा आकडा टाकून मोकळे होत. तेवढ्यावर पाणी पिण्याजोगंच ठरे आणि पडद्यावर तलाव हिरव्या रंगात दिसे.

मासे पोटं वर करून तरंगू लागले, तेव्हा बाईंनी साहेबांना गाठलं.

"साहेब, खरा आकडा संगणक घेतच नाही."

"वर कळवलंय हो. ते म्हणतात, पडद्यावर तलाव हिरवागार दिसतोय, तक्रार कसली?"

"शेवाळ धरलं तरी हिरवाच दिसतो!"

साहेब मनापासून हसले आणि त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी तलावाकाठी राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या लेकीचे जुलाब थांबत नव्हते.

"ताई, आमचा टँकर बंद केला गं. म्हणे, संगणकात तुमचं पाणी चांगलं आहे."

"पोरीला ते पाणी देऊ नकोस बाई."

"मग काय देऊ? दुसरं आहे कुठे? तू तिथेच आहेस ना, खरं काय ते लिहून टाक की!"

"घेत नाही गं."

"कोण घेत नाही?"

सकाळचा आकडा बाईंच्याच बोटांनी भरला होता.