नाडीवर चालणारं घड्याळ

जुन्या घड्याळांचा नाद ज्याला नाही, त्याला तो समजावून सांगणं अवघड. मला तर बायकोलाही नीट सांगता आलेला नाही. "कपाटात एकोणीस घड्याळं, आणि भिंतीवरचं एकुलतं एक बंद," असं ती पाहुण्यांना सांगते. सगळे हसतात, मीही हसतो. त्यातल्या अठरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. हे एकोणिसाव्याबद्दल आहे.

ते सोन्याचं पाणी दिलेलं, पातळ, लग्नकार्यात घालायचं घड्याळ. आजच्या मानानं लहान. बाहीखाली गेलं की दिसतसुद्धा नाही. तबकडी कधीकाळी पांढरी असणार, आता दुधाळ चहाच्या रंगावर आलीय. आकडे नाहीत, नुसत्या बारीक उभ्या रेघा. अशी घड्याळं बाजारात येतात, नाही असं नाही; पण त्यांची तबकडी कुणीतरी नव्यानं रंगवलेली असते, कडा घासून घासून गोल झालेल्या असतात. याच्या कडा अजून बोटाला लागतात. मागच्या झाकणावर घामाचा एक काळपट डाग आहे. आमच्यासारखे लोक त्या डागावरच जीव टाकतात. एकाच माणसाच्या मनगटावर चाळीस वर्षं राहिलेली, मध्ये कुणी ढवळाढवळ न केलेली वस्तू. ती हातात घेतली की त्या माणसाचं आयुष्यच हातात आल्यासारखं वाटतं.

आतली गंमत आणखी वेगळी. अ‍ॅटोमॅटिक घड्याळाला सेल लागत नाही, रोज चावीही द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग भरते. कानाशी धरून तिरकं केलं तर ते सरकल्याचा आवाज येतो, सुपात धान्य सरकावं तसा. हात दीडेक दिवस हलला नाही, तर घड्याळ थांबतं. बिघडत नाही, नुसतं थांबतं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

घड्याळ सेलूच्या काकांचं. सेलूच्या शाळेत शिक्षक होतो तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. काका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलका झटका देऊन ताणायचा आणि धागा किती लांब निघतो ते बघायचं. दिवसातून दोनशे वेळा तरी तो झटका. प्रत्येक झटक्याला डाव्या मनगटावरचं घड्याळ चमकायचं.

लग्नात सासऱ्यांनी दिलेलं ते. एकदा मी विचारलं, "काका, याला चावी कधी देता?"

"चावी? हे नाडीवर चालतंय, सर. रक्त पळतंय तवर काटा पळतोय. तुमी एवढे शिकलेले, पण तुमच्या घड्याळाला सेल लागतो. आमचं बघा, आमीच सेल."

आतून काकू म्हणाल्या, "सेल बी लय कडक हाय. सकाळधरनं वरडायलाय."

अ‍ॅटोमॅटिक नाडीवर चालतं, असं आमच्याकडं पुष्कळ जण मानतात. मी हसलो, काही बोललो नाही. त्या न बोलण्यानं कुणाचं बिघडलं नव्हतं. पण घड्याळावरून माझी नजर हटायची नाही, हे काकांच्याही ध्यानात आलं होतं. "सर, नजर लावताव काय त्याला?" म्हणून ते मनगट मुद्दाम माझ्यापुढं नाचवायचे.

पुढं माझी बदली पालमला झाली. तीनेक वर्षांनी निरोप आला, काकांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. मी भेटायला गेलो. काका खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. आजूबाजूला शेजारची, जिनिंगमधली चार-पाच माणसं. डावा हात उशीवर ठेवलेला, जसा कुणीतरी आणून ठेवावा तसा. मनगटावर घड्याळ होतंच. बंद.

"बरं झालं आलात," काका म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "तुमाला घड्याळातलं कळतं. बघा बरं काय झालंय. चार दिवस झाले, थांबलंय."

मी पट्टा सोडला. घड्याळ माझ्या हातात आलं, आतलं वजन सरकलं आणि सेकंदकाटा चालू लागला.

मी त्याच्यावर अंगठा ठेवला.

खिडकीकडं पाठ करून, नीट बघतोय असं दाखवत, मी तो अंगठा तसाच ठेवला. एवढंच म्हणायचं होतं, "काका, उजव्या हातात बांधा, चालेल." किंवा, "डावा हात उचलून हलवत जा, चालेल." डॉक्टर तरी दुसरं काय सांगत होते? मला ते वाक्य सुचलं नाही असं नाही. ओठावर होतं. पण अंगठ्याखाली ती न रंगवलेली तबकडी होती.

"नाडी गेली का हो हाताची?" काकांनी विचारलं.

"जुनं झालंय, काका," मी म्हणालो. "आता यात काही राहिलं नाही."

मी घड्याळाबद्दल बोललो, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. काकांनी कशाबद्दल विचारलं होतं ते मला ऐकू आलं होतं.

त्यांनी त्या हाताकडं बघितलं. मग जमलेल्या लोकांना म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? हात मेलाय ह्यो." आणि मला म्हणाले, "तुमीच घेऊन जावा ते. तुमाला माया हाय त्याची. हितं बंद पडलेलं बघून माझा जीव घाबरायलाय."

मी नको म्हणालो, एकदाच. खिशात घातलेलं ते घड्याळ पालम येईपर्यंत एसटीच्या धक्क्यांनी बिनचूक चालत होतं.

आमचा घड्याळवेड्यांचा फोनवर एक गट आहे. तिथं फोटो टाकला तेव्हा वाहवा झाली. कुठं मिळालं, असं एकानं विचारलं. "एका काकांनी प्रेमानं दिलं," मी लिहिलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

दीड वर्षानं काका गेले. मातीला गेलो, मागं उभा राहून परत आलो. त्यालाही आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मात्र घड्याळ घेऊन सेलूला गेलो. का, ते विचारू नका. धीर आला म्हणावं, तर तेही खरं नाही. आणखी थांबवेना, एवढंच.

काकू एकट्याच होत्या. मी घड्याळ काढलं, हलवलं, चालू झालेलं दाखवलं. "काकू, हे नाडीवर चालत नाही. हात हलला की चालतं."

"मग तवा का थांबलं?"

"काकांचा हात हलत नव्हता म्हणून."

"म्हंजी नाडी होती हातात?"

"होती की."

"डॉक्टर बी तेच सांगायचा," काकू म्हणाल्या. "त्यास्नी पटायचंच न्हाई. म्हणायचे, सरांनी बघितलंय."

मग त्या सांगत गेल्या, खाली बघून. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ही त्यांच्या लिंगायत घरातली रोजची रीत. वारं गेल्यावरही काका करायचे, काकू हाताखाली आधार द्यायच्या. "तुमी येऊन गेलात, अन् दुसऱ्या दिवशी म्हणाले, मेल्या हातावर देव कसा ठेवू? मग माझा हात घ्यायला लागले. माझ्या हातावर ठेवायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. दीड वर्ष मी असा हात धरून बसले, सर." त्यांनी डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला होता. "नाडी होती ते तुमाला ठाऊक होतं?"

"होतं."

"तवाच?"

"तवाच."

मी घड्याळ पुढं केलं. त्यांनी हात लावला नाही.

"घरात सांगितलंय का हे? बायकोला?"

"नाही."

"मग मला एकलीलाच का सांगायलात? माझ्यापुढं टाकून मोकळं व्हायला?" आवाज चढलेला नव्हता. "चारचौघांत म्हणाले ते, हात मेलाय म्हणून. लोकं ऐकून गेली. आता तुमी बी चारचौघांत सांगा."

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे. त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या कुणाच्या हाती पडलं, तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: काकांचा हात मेलेला नव्हता. त्यात नाडी होती. मला माहीत होतं.