अर्ध्या जूचं गणित

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. तसं हसलात तरी काही बिघडत नाही, कारण गोंडपिपरीकडची माझी सगळी सासुरवाडी त्या दिवसापासून हसतेच आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी चंद्रपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि पीएचडी करतो. विषय काय, तर वस्तूला गेलेला तडा पुढे कसा पळेल हे कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. पुरं गणित मांडलं तर मशीन दोन दिवस घरघरत बसतं. म्हणून मी काय करतो? चार-पाच मोठी गणितं एकदाच सोडवून ठेवायची, त्यातून तड्याच्या मुख्य तेवढ्या सवयी उचलायच्या आणि बाकीचं सोडून द्यायचं. मग उत्तर मिनिटात. आळशी माणसाला याहून चांगलं शास्त्र कुठे मिळणार?

तर धान कापून झालं होतं आणि गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत होती. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बादल-पाखऱ्या ही बैलजोडी मागच्या दोन पटांत हरली होती. यंदा जिंकायचंच, या ध्यासाने त्यांनी बैलांना स्वतःच्या लेकरांपेक्षा जास्त खाऊ घातलं. आणि पटाच्या आठ दिवस आधी छकड्याच्या जूला, बरोबर मधोमध, केसाएवढा तडा दिसला.

सुतार म्हणाला, जू बदला. मामाजींचं मन होईना. जुनं जू बैलांच्या मानेवर बसलेलं, नवं टोचलं तर ते पळणार कसे? पण पीएचडीवाला जावई घरात असताना सुताराला कोण विचारतो? मी जू मोजलं, तडा मोजला, चंद्रपूरला जाऊन गणितं बसवली आणि फोनवर निकाल दिला. तडा जागचा हलत नाही, बिनधास्त पळवा.

पटाच्या दिवशी मी गॉगल लावून पुढेच बसलो होतो. जोडी सुटली. बादलने उडी घेतली, पाखऱ्या क्षणभर उशिरा निघाला आणि जू कडाडून मोडलं. बादल गळ्यात अर्धं जू घेऊन थेट शेवटपर्यंत पोचला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. छकडा हाकणारा मातीत बसलेला आणि पाखऱ्या त्याच्या शेजारी शांत उभा.

मामाजी चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. माझ्याजवळ येऊन बसले.

"जावईबापू, तुमच्या कंप्युटरात बैल किती होते?"

आता खोटं कसं बोलू? जू दोन्हीकडून सारखंच, म्हणून गणित हलकं करायला मी अर्धंच धरलं होतं. "एक," मी म्हणालो.

"आन दुसरा?"

"तो पहिल्यासारखाच ना, मामाजी."

त्यांनी पाखऱ्याकडे बोट दाखवलं. "पाच वर्सं झाले, या दोघाईले पोसून राह्यलो. एक दिवस सारखे वागले नाई."

लाज वाटली हो, खरंच वाटली. चंद्रपूरला आल्या आल्या अख्खं जू धरलं, बैल दोन केले, एकाला जरा आधी पळवलं. सगळी मोठी गणितं नव्याने करण्यात आठवडा गेला, पण मग मिनिटात उत्तर आलं आणि जू पडद्यावर जिथल्या तिथे मोडलं! मला इतका आनंद झाला की लाजबीज सगळी विसरून मी फोन लावला.

"मामाजी, आता बरोबर आलं. तुमचं जू पटात टिकत नाही, मधातून तुटते."



"हो काय जी? थांबा, तुमच्या सासूबाईनं अजून चुलीत घातलं नसन, तं पाहून सांगतो."