क्लॉक बाहेर काढणाऱ्या काकू

काकूंनी नोकरीला सुरुवात केली ती सोल्डरिंगच्या टेबलावर. तीस वर्षांत त्या सर्किट आखणाऱ्यांत सगळ्यात जाणत्या झाल्या, पण पदवी नव्हती म्हणून साहेब अजूनही म्हणत, "तुम्हाला नाही कळायचं." साहेबांना स्वतःला काय कळतं, हे लॅबमध्ये कुणी मोठ्याने विचारत नसे.

कंपनी हृदयाच्या सोनोग्राफीचं मशीन बनवत होती. त्यातल्या प्रोग्रॅमेबल, म्हणजे आतली जोडणी हवी तेव्हा बदलता येणाऱ्या, चिपमधून क्लॉक, म्हणजे ठरल्या ठेक्याने एक-शून्य, एक-शून्य करणारा सिग्नल, शेजारच्या चिपला द्यायचा होता. ती जोडणी आखणाऱ्या सॉफ्टवेअरने एरर दाखवून चक्क नकार दिला. क्लॉकचे राखीव रस्ते चिपच्या आतच फिरतात, बाहेरच्या पिनेपर्यंत जात नाहीत.

"एरर गप्प करायची कोडची एक ओळ असते," साहेब म्हणाले आणि टाकलीही.

"साहेब, मग तो गल्लीबोळांतून धक्के खात जाईल. ठेका चुकेल."

"तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरबाई मशीन बघायला आल्या. पेशंट कोण? साहेब हौसेने शर्ट काढून आडवे झाले. पोटाचा नगारा वर, छातीवर गारेगार जेल. पडद्यावर हृदय उमटलं ते थरथरत, अंगभर मुंग्या चढल्यासारखं.

"हे... हे माझं?" साहेबांना घाम फुटला. "बायकोला फोन लावा!"

डॉक्टरबाईंनी मनगट धरलं. "नाडी तर ठणठणीत आहे."

"हृदयाला काही धाड भरलेली नाही," काकू म्हणाल्या. "क्लॉक लटपटतोय. अर्धा तास द्या."

त्यांनी साहेबांची ओळ उडवली. पिनेच्या अगदी तोंडाशी एक छोटं सर्किट असतं, दोन इनपुटांचं. पहिल्याला कायमचा एक बांधला, दुसऱ्याला कायमचा शून्य. क्लॉक चढला की एक बाहेर, उतरला की शून्य बाहेर. क्लॉकने आत बसून नुसता इशारा करायचा, बाहेर पडते ती त्याची हुबेहूब नक्कल.

तोवर साहेब उघड्या अंगाने कुडकुडत पडून होते. उठा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

मग पडद्यावर झडपांची उघडझाप लख्ख दिसू लागली.

"वा! कुणी केलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

साहेबांनी काकूंकडे बोट केलं. "यांनी," ते पुटपुटले.

या दिवसासाठी काकूंनी एकाहून एक झणझणीत टोमणे राखून ठेवले होते. पण साहेबांच्या अंगावरचा काटा बघून त्यांनी फक्त टॉवेल पुढे केला.

"पुसून घ्या. सर्दी होईल."

आणि डॉक्टरबाईंना घेऊन त्या चहाला गेल्या.