किंदार्का

इंग्लंडमध्ये रीडिंगला माझा मुलगा गाडी धुवायला न्यायचा, तेव्हा मी तिथल्या बाकावर बसायची. गाड्या धुणारा अल्बेनियाचा होता. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. बादली पायानं सरकवायचा, ओलं फडकं खांद्यावर टाकायचा आणि डाग निघाला नाही की त्या डागालाच म्हणायचा, "किंदार्का!"

"शिवी आहे का रे?" मी एकदा विचारलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमायचं.

"नाही मॅडम, नाणं. आमच्या पैशातलं सगळ्यात लहान. आता त्यात काही मिळत नाही, म्हणून बिनकामाच्या माणसाला म्हणतात."

"आमची दमडी तशीच. बाजारातून गेली, तोंडातून गेली नाही."

मग तो म्हणाला, "घर सोडलं तेव्हा आई म्हणाली, तुझी किंमत एक किंदार्कासुद्धा नाही. तेव्हापासून मी फोन केला नाही."

"एवढ्यावरून? माझी आई मला जेवायला वाढतानासुद्धा दमडीची म्हणायची. मुकाट्यानं फोन कर."

पुढच्या खेपेला मी विचारलं, "केलास?"

"केला."

"काय म्हणाली?"

"किंदार्का," तो म्हणाला आणि दात काढून हसत, पुसून झालेली काच पुन्हा पुसायला लागला.