कॅसेटवरची काळी चिकटपट्टी

वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचा वास आला की सौदीत जेद्द्याला आमच्या कामगारांच्या कॅम्पमधली ती शुक्रवारची दुपार आठवते. नवी गाणी जमवायचं मला वेडच होतं. त्या दिवशी एका टॅक्सीवाल्यानं येमेनी गाण्यांची कॅसेट तासाभरासाठी दिली आणि माझ्याकडे कोरी एकही नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या चिपळूणच्या वेल्डरच्या उशाखालची मी उचलली. पुसली जाऊ नये म्हणून त्यानं तिच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा टवका मोडला होता. जुनं काहीतरी असेल, असं मीच ठरवलं, पुन्हा भरता यावं म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि जवळजवळ बाजूभर चालणारं एक गाणं भरलं. तीच कॅसेट लावून ऐकत असताना तो वेल्डर आला, त्यानं तिचं रिकामं कव्हर बघितलं. "माझी आई होती रे त्यात!" वारलेल्या आईनं कधीकाळी गावाहून बोलून पाठवलेली कॅसेट होती ती. त्यानं पाना उचलून माझ्या तोंडावर हाणला, एकदा, दोनदा. दात तुटून रक्तासकट गादीवर पडला. तिसऱ्यांदा हात उगारला तेवढ्यात गाणं संपलं आणि टेपमधून एक म्हातारा आवाज खोकला, "संपत आली वाटतं. ठेवू का रे?" पाना वरच थांबला. आता फोनवर हवं ते गाणं मिळतं, पण ते संपलं की जीभ त्या दाताच्या रिकाम्या जागी जाते आणि मी कुणाच्या तरी खोकण्याची वाट बघतो.