टेशन्याचं नाव

बहात्तर सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो, धाकटा टेशन्या सहा-सातचा. येरमाळ्याच्या माळावर आमच्या पारध्यांची पालं होती. दुष्काळ होता, त्यात जमादार बजावून गेलेला, "पोरं शाळंत घाला, न्हायतर पालं उठवतो." निवासी शाळेची जीप आली. आय टेशन्याचा सदरा धरून जीपबरोबर चालतच राहिली. बा एवढंच म्हणाला, "रोज दिस बुडायला येतो. कान देऊन ऱ्हावा."

धाकटा ढोकीच्या टेशनाजवळ जन्मला म्हणून टेशन्या. शाळेत नाव सांगितलं तर मास्तर हसले. "हे काय नाव झालं? संजय लिहा." नाव माझंही बदललं होतं, पण त्या नावानं मी कधी ओ दिली नाही. मार खाल्ला. आपली बोली बोललं की छडी बसायची. अक्षरं मात्र मी तिथंच शिकलो, ते नाकारत नाही.

पारध्याला फाटकाच्या आत सोडत नव्हते. चोर म्हणायचे. बानं पाल उठवून शाळेच्या शिवारात आणलं. आमचा धंदा फासे लावून पाखरं धरायचा. तित्तराला तित्तराच्याच आवाजात बोलवायचं. दिस बुडायला बा कुंपणाबाहेर तित्तर होऊन ओरडायचा आणि आतून टेशन्या जबाब द्यायचा, अगदी हुबेहूब. मास्तर म्हणायचे, "औंदा तित्तर लई ओरडायलेत रे." आम्ही तोंडात सदरा कोंबून हसायचो.

मग टेशन्याला ताप आला. त्याला वेगळ्या खोलीत नेलं, मला जाऊ दिलं नाही. एका संध्याकाळी बा ओरडला तर जबाबच नाही. शेवटी मी दिला. बाला लगेच कळलं, हा थोरला. तो पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला.

सकाळी फाटकावर शाळेवाल्यांनी त्याला सांगितलं, "पळाला तुझा पोरगा. पारध्याचंच पोर ते, थांबतंय व्हय?"

बानं माझं बखोट धरलं आणि मला बाहेर काढलं. आय म्हणाली, "टेशनावर जन्मलाय, टेशनावरच घावंल." बार्शीला, कुर्डुवाडीला बघितलं. तिथं नाही, म्हणून पुण्याला गेलो आणि तिथंच राहिलो. आमचं गाव सुटलं ते असं. कुणी विचारलं तर मी सांगतो, पोट भरायला नव्हतो गेलो, शोधायला गेलो होतो.

पुलाखाली बिऱ्हाड. आय भाकरी करताना एक टेशन्याची वेगळी ठेवायची. बा रोज फलाटावर जाऊन तित्तरासारखा ओरडायचा. हमाल म्हणायचे, "आला रे तित्तरवाला!" दोघंही त्याच शहराच्या मातीत गेली, वाट बघत. मी सोसायटीचा वॉचमन झालो. ज्याच्या बाला चोर म्हणाले, त्याच्या पाळीत कुणाची सायकलसुद्धा हलली नाही. आता नातू मोबाइलवर जेवण मागवतो. त्याला तित्तर कसा बोलतो ते ठाऊक नाही.

यंदा शाळेतल्या जुन्या स्वयंपाकीणबाईनं तोंड उघडलं. टेशन्या पळालाच नव्हता. तापानं गेलेली पोरं विहिरीमागं लिंबाखाली पुरली होती आणि घरच्यांना पळाली म्हणून सांगितलं होतं. थकलेल्या बाईनं काठी टेकत एकेक जागा दाखवली. आताच्या हेडमास्तरीणबाईंनी आम्हा घरच्यांना बोलावलं, हात जोडून माफी मागितली, प्रत्येक जागेवर दगड बसवला. टेशन्याच्या दगडावर लिहिलेलं, संजय.

मला शाल द्यायला आल्या. मी म्हणालो, "शाल राहू द्या. आधी नाव."

"काका, दप्तरी नोंद तशीच आहे. बदलायला वरून मंजुरी लागेल."

"तुमच्या मास्तरांनी बदललं तवा लागली व्हती का?"

 बाईंनी शाल घडी करून बाजूला ठेवली. "नव्हती लागली, काका," म्हणाल्या आणि माझ्याशेजारी मातीतच बसल्या. माफी मी तेव्हा मानली, आधी नाही.

माळावर राहिलेले तुम्ही भावकीवाले विचारता, "थोरल्या, आता तरी येतोस का?" माझ्यासारखे शहरात गेलेले म्हणतात, "तिथं काय ठेवलंय?" काय सांगू? आय-बा तिकडं पुण्यात, टेशन्या इकडं. इतकी वर्षं घर म्हणजे मला वाट बघायची जागा होती. गाडीची शिट्टी झाली की मान वळायची. आता वळायचं कारण राहिलं नाही, तरी वळते. गाडी रिकामी झाली तरी मी फलाटावर उभाच असतो.

माफीच्या दिवशी रात्री भावकीच्या पालावर झोपलो. सकाळी छन्नी-हातोडी घेऊन लिंबाखाली गेलो. दगडावर वरच्या बाजूला टेशन्या कोरलं, त्याच शाळेत शिकलेल्या अक्षरांत. जरा वाकडं आलं. खालचं संजय खोडलं नाही. काय केलं होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. मग तोंडाला हात लावला आणि बासारखा ओरडलो.